रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागणे : आधी मोजमाप, मग औषध

प्रश्न : माझे वय ६४ वर्षे आहे. गेल्या दीड वर्षापासून मला रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३६ ग्रॅमची निघाली म्हणून टॅम्सुलोसिनची गोळी सुरू झाली. आठ महिन्यांत दिवसाची धार सुधारली, पण रात्रीचे उठणे तसेच राहिले. रक्तदाबासाठी मी अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम घेतो. संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठलेले दिसतात. मी घोरतो असे पत्नी सांगते. आता शस्त्रक्रिया करून घ्यावी का? पत्नीचे वय ५९ आहे आणि तिलाही रात्री दोन-तीनदा उठावे लागते. तिला तर प्रोस्टेट नाही, मग तिला हे का होते?

उत्तर : शस्त्रक्रियेचा निर्णय आज घेऊ नका. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेने दिवसाची धार, अडखळत होणारी लघवी आणि मूत्राशय पुरते रिकामे न होणे या तक्रारी चांगल्या सुधारतात, परंतु रात्रीच्या उठण्यावर तिचा गुण सर्वांत कमी येतो, हा मूत्रविकारतज्ज्ञांचा जुना अनुभव आहे आणि तीसेक वर्षांच्या कामात मलाही तो वारंवार आला आहे. गोळीने तुमची धार सुधारली आणि रात्र मात्र होती तशीच राहिली. यावरून मला असे वाटते की मार्गातला अडथळा बऱ्यापैकी मोकळा झाला असून रात्रीच्या त्रासाचे मूळ बहुधा दुसरीकडे आहे. पत्नीबद्दल तुम्ही जे विचारले आहे ते तुमच्या स्वतःच्या बाबतीतही विचारण्याजोगे आहे. प्रोस्टेट नसलेल्या बाईला जे कारण रात्री उठवते, तेच कारण प्रोस्टेट असलेल्या पुरुषालाही उठवू शकते.

निरोगी शरीरात रात्री काय घडते ते आधी पाहू. मूत्रपिंडे दिवसरात्र रक्त गाळत असतात, पण झोपेच्या वेळी मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सुटते, मूत्रपिंडे पाणी परत शोषून घेतात आणि रात्रीची लघवी थोडी व गडद होते. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी सहज मावते. त्यामुळे सात तासांत तयार होणारी लघवी सकाळपर्यंत धरून ठेवता येते. या व्यवस्थेत चार ठिकाणी बिघाड होऊ शकतो. चोवीस तासांत एकूण लघवीच जास्त तयार होईल. किंवा एकूण प्रमाण ठीक असूनही तिचा मोठा वाटा रात्री तयार होईल. किंवा लघवी बेताचीच असेल, पण मूत्राशय ती धरू शकणार नाही. किंवा झोप दुसऱ्याच कारणाने मोडेल आणि जाग आलीच आहे तर जाऊन येऊ, असे होईल. वय वाढेल तशी रात्रीच्या संप्रेरकाची वाढ कमी होत जाते, म्हणून साठीनंतर एकदा उठावे लागणे हा आजार मानत नाहीत. दोन किंवा अधिक वेळा उठावे लागत असेल आणि त्यामुळे झोप अपुरी राहत असेल, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

या चार प्रकारांतला आपला कोणता, हे सोनोग्राफी सांगत नाही आणि रक्ताचा अहवालही सांगत नाही. ते सांगते साधी नोंदवही. औषधाच्या दुकानात खुणा असलेले प्लास्टिकचे मोजपात्र मिळते, ते आणा. पत्नीसाठी वेगळे आणा. तीन दिवस, प्रत्येक वेळी, लघवीची वेळ आणि मिलिलिटर लिहा. काय प्यायलात आणि किती प्यायलात तेही लिहा. चहा, ताक, सार, कढी हे सगळे त्यात येते. झोपायला गेल्याची आणि सकाळी उठल्याची वेळ लिहायला विसरू नका. तीन दिवस सलग नसले तरी चालेल, पण ते तुमच्या नेहमीच्या दिनक्रमाचे असावेत. लग्नकार्याचे किंवा उपवासाचे दिवस नकोत. दिवसभर बाहेर असलात तर नोंद अपुरी राहते, म्हणून घरी असाल असेच दिवस निवडा. नोंद सुरू करताना पहिल्या सकाळची पहिली लघवी सोडून द्या, ती आदल्या रात्रीची असते. पुढच्या सकाळची पहिली लघवी मात्र रात्रीच्या हिशेबात धरायची, कारण ती झोपेतच तयार झालेली असते. बहुतेक जण हीच चूक करतात आणि रात्रीचा आकडा खोटाच कमी दिसतो.

आता हिशेब कसा करायचा ते उदाहरणाने सांगतो. समजा, ७२ किलो वजनाचा एक माणूस रात्री चार वेळा उठला आणि त्याला ३००, ३२०, २८० व २५० मिलिलिटर लघवी झाली, सकाळी उठल्यावर ३५० झाली. रात्रीची बेरीज १,५०० झाली. दिवसभराची १,००० असेल तर चोवीस तासांची २,५००, म्हणजे रात्रीचा वाटा ६० टक्के. पासष्टीपुढच्या माणसात हा वाटा ३३ टक्क्यांहून अधिक असेल, तर रात्री लघवी जास्त तयार होते असे मानतात. तरुणांत ही मर्यादा २० टक्क्यांच्या आसपास असते आणि तुमच्या वयाला एक तृतीयांश हा आकडा धरायला हरकत नाही. या माणसाचे मूत्राशय प्रत्येक वेळी ३०० मिलिलिटर धरते आहे, म्हणजे ते उत्तम आहे. त्याच्या प्रोस्टेटवर शस्त्रक्रिया केली तरी रात्रीची १,५०० मिलिलिटर लघवी कुठे जाणार? तो पूर्वीइतक्याच वेळा उठेल.

दुसरा माणूसही चारच वेळा उठतो, पण त्याच्या वहीत ८०, ११०, ९०, १०० आणि सकाळी १२० असे आकडे आहेत. रात्रीची बेरीज ५०० आणि चोवीस तासांची १,६०० भरली, तर रात्रीचा वाटा मर्यादेतच आहे. याचे मूत्राशय एक तर लवकर आकुंचन पावते किंवा पुरते रिकामे होत नाही, आणि उपचार तिथे हवा. तिसऱ्याचे वजन ६० किलो असून त्याची चोवीस तासांची लघवी ४,२०० भरते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिलिटर ही वरची मर्यादा धरली, तर त्याला २,४०० पर्यंत ठीक होते. इथे पहिली शंका मधुमेहाची, दुसरी अति पाणी पिण्याच्या सवयीची. तिघांचीही तक्रार एकच आहे, 'डॉक्टर, रात्री चारदा उठावे लागते,' आणि तिघांचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत. मोजल्याशिवाय औषध देऊ नये, असे मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगत आलो आहे, ते यासाठीच.

तुमची वही माझ्यासमोर नाही, तरी तुमच्या पत्रातील तीन गोष्टी मला पहिल्या उदाहरणाकडे नेतात: मोज्यांचे वळ, अ‍ॅम्लोडिपिनचा १० मिलिग्रॅमचा डोस आणि घोरणे.

दिवसभर उभे राहून किंवा पाय खाली सोडून बसल्याने पोटऱ्यांत आणि घोट्यांजवळ पाणी साठते. नडगीच्या हाडावर बोटाने काही सेकंद दाबून पाहा. खळगा पडून तो हळूहळू भरत असेल तर ती सूज आहे. रात्री आडवे झालात की हे साठलेले पाणी रक्तात परत येते, मूत्रपिंडांकडे जाते आणि लघवी होऊन बाहेर पडते. तुम्ही संध्याकाळी सहानंतर घोटभरही पाणी प्यायला नाहीत तरी हे पाणी शरीरातच आहे, म्हणून 'रात्री पाणी बंद केले तरी फरक नाही' ही तक्रार अशा रुग्णांत नेहमी ऐकू येते. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचे चांगले औषध आहे, पण पायांवर सूज आणणे हा त्याचा ठाऊक असलेला परिणाम आहे आणि डोस वाढला की सूजही वाढते. या सुजेवर पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारे औषध, फारशी लागू पडत नाही. डोस कमी करून दुसऱ्या गटातील औषध जोडणे किंवा औषध बदलणे अधिक उपयोगी ठरते. हे काम मात्र तुमच्या फिजिशियनचे आहे. स्वतःहून गोळी बंद केलीत आणि रक्तदाब चढला, तर रात्रीच्या लघवीहून कितीतरी मोठे संकट ओढवेल. सांधेदुखीच्या गोळ्या, मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन, नसांच्या दुखण्यावर दिले जाणारे प्रिगॅबॅलिन यांनीही सूज येते, तेव्हा सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. सुजेबरोबर चढावर धाप लागत असेल, किंवा आडवे झाल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागत असतील, तर हृदयाची तपासणी लगेच झाली पाहिजे. हृदयाचे कार्य मंदावल्याची पहिली चाहूल रात्रीच्या लघवीने लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

घोरण्याचा आणि लघवीचा संबंध ऐकून लोकांना नवल वाटते. झोपेत घसा वारंवार बंद होऊन श्वास अडतो, तेव्हा माणूस बंद घशाविरुद्ध जोराने श्वास ओढतो, छातीतला दाब खाली जातो आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांत रक्त जास्त ओढले जाऊन त्यांच्या भिंती ताणल्या जातात. शरीरात पाणी वाढले आहे असा हृदयाचा समज होतो, ते एक संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकू लागतात. त्याशिवाय श्वास अडल्याने जाग येतेच. पत्नीला विचारा की घोरता घोरता मध्येच श्वास थांबून मग दचकून मोठा श्वास येतो का. सकाळी डोके जड असणे, दुपारी बसल्या जागी डुलकी लागणे, तीन-तीन गोळ्यांनीही रक्तदाब आटोक्यात न येणे या खुणा त्यात मिळवल्या, तर झोपेची तपासणी करून घ्यायला हवी. श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र लावल्यावर अनेकांचे रात्रीचे उठणे कमी होते, आणि तेही लघवीचे एकही औषध न घेता. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा इथेही होतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मी विचारल्याशिवाय राहणार नाही: मीठ किती खाता? जपानमधील नागासाकी विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ज्यांनी रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणले त्यांचे रात्रीचे उठणे सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आले, आणि ज्यांचे मीठ वाढले त्यांचे उठणेही वाढले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मिठाची आहे. आपल्याकडे संध्याकाळच्या चहाबरोबर फरसाण किंवा शेव, रात्रीच्या पानात लोणचे, पापड, चटणी आणि वर मीठ घातलेले ताक, असा सगळा बेत दिवसाच्या उत्तरार्धात येतो. दिवसा न निघालेले मीठ मूत्रपिंडे रात्री काढतात आणि मिठाबरोबर पाणी जाते. मिठाने तहान लागते, मग पाणी प्यायले जाते, हा भाग वेगळाच. पहिला बदल करायचा असेल तर मी पाण्याच्या आधी मिठाला हात घालीन.

पाण्याबद्दल माझा सल्ला बेताचा आहे. दिवसाचे एकूण पाणी फार तोडू नका, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि ज्यांना पूर्वी मूतखडा झाला आहे त्यांनी. पाण्याची वेळ तेवढी बदला. दिवसाचे बहुतेक पाणी संध्याकाळी पाच-सहापर्यंत पिऊन व्हावे. जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकावे. जेवणातली पातळ आमटी, कढी, सार, आणि नंतरचे कलिंगड किंवा संत्री हेही पाणीच आहे, याची आठवण ठेवावी. चहा-कॉफी दुपारनंतर टाळावी, मद्य तर टाळावेच. उशाशी तांब्या भरून ठेवून प्रत्येक वेळी जाग आली की दोन घोट पिण्याची सवय पुष्कळांना असते; घसा कोरडा पडत असेल तर चूळ भरावी. 'मूत्रपिंडे धुऊन निघावीत' म्हणून चार-चार लिटर पाणी पिणारेही मला भेटतात. ज्याला खड्यांचा आजार नाही त्याला एवढ्या पाण्याचा लाभ होत नाही, रात्रीची झोप मात्र जाते.

पायांच्या सुजेसाठी दुपारी किंवा संध्याकाळी लवकर, तासभर आडवे होऊन पाय उशांवर हृदयाच्या पातळीहून वर ठेवा. पायांतले पाणी झोपेआधीच परतून लघवीवाटे जाते. संध्याकाळी चालल्याने पोटरीचे स्नायू हेच काम करतात. डॉक्टरांनी सुचवले तर सकाळी उठताच घालायचे घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण पायांतला धमनीचा रक्तपुरवठा चांगला आहे याची खात्री करूनच, आणि मधुमेही माणसाने तर विचारल्याशिवाय घालूच नयेत. कोणाला आधीपासून पाण्याची गोळी चालू असेल आणि ती संध्याकाळी घेतली जात असेल, तर तिची वेळ दुपारी, झोपेच्या साधारण सहा तास आधी आणल्याने काहींची रात्र सुधारते. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहाचा उल्लेख वर आला. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि बरोबर पाणी ओढून नेते. हल्ली वापरात असलेली डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. ती हृदय आणि मूत्रपिंडे यांना हितकारक आहेत, म्हणून लघवी वाढली तरी परस्पर बंद करू नयेत. सकाळी घेतली जातात की नाही ते पाहावे. जुनाट मूत्रपिंडविकारात लघवी घट्ट करण्याची शक्तीच उरत नाही, म्हणून रात्र आणि दिवस यांतला फरक पुसला जातो. रक्तातले कॅल्शियम वाढणे आणि मानसिक आजारावरील लिथियम ही थोडी विरळ, पण विसरू नयेत अशी कारणे आहेत.

आता दुसऱ्या उदाहरणाकडे, म्हणजे थोडी थोडी लघवी होणाऱ्या मूत्राशयाकडे वळतो. तुमच्या वहीत असे आकडे निघाले तर लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत मोजणे आणि धारेची तपासणी करणे गरजेचे आहे. बरीच लघवी उरत असेल तर अडथळ्याचा उपचार हवा. टॅम्सुलोसिनसारखी औषधे मार्गाचे स्नायू सैल करतात. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड मोठी ग्रंथी आक्रसवतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात, आणि त्यांनी पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा निम्म्यावर येतो हे पुढच्या डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे. शस्त्रक्रियेचा विचार इथे रास्त ठरतो. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञांना तसे अवश्य सांगावे, कारण त्या औषधाने बुबुळाचा पडदा ढिला पडून शस्त्रक्रिया अवघड होते.

एक खूण मात्र कधीही दुर्लक्षू नये. वयस्क पुरुषाचे अंथरूण रात्री ओले होऊ लागले आणि दिवसा थेंब थेंब लघवी होत असेल, तर मूत्राशय तुडुंब भरून वाहते आहे असेच समजून तपासावे. दुखत नसते, म्हणून घरचे 'वय झाले' म्हणतात, आणि तोवर मागच्या दाबाने मूत्रपिंडे खराब होत असतात. अशा माणसाला सर्दीच्या साध्या गोळीनेही लघवी पूर्ण तुंबू शकते.

मूत्राशय रिकामे होत असूनही घाईची कळ येत असेल, तर ते अतिसंवेदनशील झालेले असते. त्याला हळूहळू थोपवून धरण्याचा सराव, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आणि बद्धकोष्ठतेचा उपचार यांनी सुरुवात करावी; मग सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन. सोलिफेनासिनच्या गटातील औषधांनी तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, आणि जुन्या ऑक्सिब्युटिनिनने वृद्धांना भ्रम होऊ शकतो. मिराबेग्रॉनने ते फारसे होत नाही, पण रक्तदाब फार वाढलेल्यांना ते देत नाहीत. ही औषधे सुरू करण्याआधी आपल्या देशात आणखी एका शक्यतेचा विचार केलाच पाहिजे. दिवसा आणि रात्री सारखीच वारंवार, थोडी थोडी लघवी होते, लघवीच्या तपासणीत पूपेशी दिसतात पण नेहमीचे जंतू वाढत नाहीत, प्रतिजैविकांचे चार कोर्स होऊनही आराम नाही, असे असेल तर मूत्रमार्गाचा क्षयरोग शोधावा. उशीर झाला की मूत्राशय आकसून इवलेसे होते आणि मग औषधाने ते पूर्वीसारखे होत नाही. तंबाखू किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्यात अशीच लक्षणे मूत्राशयाच्या कर्करोगानेही येतात.

रात्रीच लघवी जास्त तयार होते हे सिद्ध झाले आणि सूज, श्वास, साखर, मीठ यांचा बंदोबस्त करूनही उपयोग झाला नाही, तर डेस्मोप्रेसिन हे औषध उरते. ते रात्रीच्या संप्रेरकाचेच काम करते आणि गुणही देते. तरीही मी ते सर्वांत शेवटी ठेवतो, कारण त्याने रक्तातले सोडियम घसरू शकते. आधी डोकेदुखी, मळमळ, गुंगी, मग गोंधळ आणि झटके, इथपर्यंत हा त्रास जातो. पासष्टीपुढच्यांत आणि स्त्रियांत धोका अधिक असतो, म्हणून स्त्रियांना डोसही कमी लागतो. सोडियम आधीच कमी असेल, हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल, पाण्याची गोळी चालू असेल, तर ते टाळावे. सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने सोडियम तपासावे, गोळीच्या तासभर आधीपासून आठ तासांपर्यंत पाणी अगदी थोडे घ्यावे, आणि जुलाब-उलट्या किंवा ताप आल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून दुकानातून आणून घेण्याचे हे औषध मुळीच नाही.

तुमच्या पत्नीबद्दल. वरची सगळी कारणे त्यांना लागू आहेत, त्यांचीही वही वेगळी भरा. त्याखेरीज पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्याने मूत्रमार्ग आणि योनीचे आवरण पातळ व कोरडे होते, जंतुसंसर्ग वारंवार होतो, घाई वाढते; स्थानिक लावण्याच्या इस्ट्रोजेन क्रीमने अनेकींना चांगला आराम पडतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास मात्र त्या डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे. अंग बाहेर येत असेल, खोकताना किंवा हसताना लघवी सुटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासल्याशिवाय उपचार ठरवू नयेत. संकोचाने बायका हे सांगत नाहीत, म्हणून तुम्ही त्यांच्याबरोबर जा, आणि तपासणीच्या वेळी त्यांना मोकळेपणाने एकटीने बोलू द्या.

स्त्रियांच्या नोंदवह्यांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, आणि तिचे मला वाईट वाटते. शिक्षिका, बसवाहक, भाजी विकणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या अनेकजणी बाहेर जाण्याजोगी जागा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी आल्यावर संध्याकाळी लिटर-दीड लिटर पिऊन तहान भागवतात. वहीत दुपारचा रकाना रिकामा आणि रात्रीचा भरलेला असतो. मुंबईत २०११ च्या सुमारास स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली. तो प्रश्न माझ्या लेखी नागरी सोयींइतकाच वैद्यकीयही आहे. तुमच्या पत्नी नोकरी करत असतील किंवा करत होत्या, तर ही सवय विचारा.

काहींचे मूत्राशयही ठीक असते आणि लघवीही बेताची; मोडते ती झोप. दुखरे गुडघे, रात्रीचा खोकला, काळजी, उदासपणा, पायांची वळवळ यांनी जाग येते. अशांच्या वहीत रात्रीचे आकडे लहान, पण दिवसाचे मोठे दिसतात. जाग लघवीच्या कळेने आली की आधी जाग आणि मग कळ, हे स्वतःशी प्रामाणिकपणे पाहावे. पहिल्या तीन-चार तासांची झोप सर्वांत गाढ असते, म्हणून उपचार सुरू झाल्यावर किती वेळा उठलो याबरोबरच पहिली जाग किती वाजता आली हेही लिहीत जा. साडेबाराची जाग साडेतीनवर गेली, तर एकूण संख्या एकानेच कमी झाली असली तरी दिवस ताजा जातो.

उपचाराचा गुण यायला आठवडे लागतील, तोवर पडणे टाळा. रात्री अंधारात घाईने उठून पडल्याने खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध आम्ही दरवर्षी पाहतो. टॅम्सुलोसिन आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याला झटक्यात उठल्यावर चक्कर येते. आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा, पुरुषांनीही रात्री बसूनच लघवी करावी. वाटेत मंद दिवा असू द्या, मोरीची फरशी कोरडी ठेवा, पायपुसणे घसरणारे नको. पाय लटपटत असतील तर खाटेशेजारी लघवीचे भांडे ठेवण्यात कमीपणा मानू नका.

तीन दिवसांची वही झाली की ती घेऊन आधी फिजिशियनकडे जा. लघवीची साधी तपासणी, उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम आणि कॅल्शियम एवढ्या तपासण्या पुरेशा आहेत; अ‍ॅम्लोडिपिन आणि घोरणे यांबद्दल त्यांच्याशीच बोला. वहीतले रात्रीचे आकडे दीडशेच्या खाली असतील तर मात्र तीच वही मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवा आणि उरलेली लघवी मोजून घ्या. लघवीत रक्त दिसले, मग ते एकदाच आणि न दुखता का असेना. थंडी वाजून ताप आला. लघवी अजिबात होईना. किंवा पाठदुखीबरोबर पाय अशक्त झाले आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर तीन दिवसांची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.